स्विंग नृत्याचा साप्ताहिक वर्ग

कोणतीहि कला दोन वाटांनीं शिकतां येते. एक वाट सहवासाची व दुसरी वर्गाची. मूल जशी घरांतली भाषा उचलतें, तशी सहवासांत कला नकळत अंगीं येते. वर्गांत मात्र तिचें व्याकरण शिकावें लागतें. अमेरिकेंतील स्विंग नृत्य पहिल्या वाटेनें जन्मास आलें आणि दुसऱ्या वाटेनें जगलें. तें कसें, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागांत १९२६ सालीं सॅव्हॉय बॉलरूम नांवाचें नृत्यगृह उघडलें. त्या काळीं काळ्या व गोऱ्या लोकांस एकत्र नाचण्यास बहुतेक ठिकाणीं मज्जाव असे. येथें तो नव्हता. हार्लेममधील कृष्णवर्णीय तरुणांनीं जॅझ संगीताच्या ठेक्यावर जें युगुलनृत्य घडविलें, त्यास ‘लिंडी हॉप’ असें नांव पडलें. स्विंग नृत्यांत हें प्रमुख होय. नवखे तरुण कडेला उभे राहून जाणत्यांचे पाय निरखीत व तीं पावलें घरीं घोटीत. १९५८ सालीं नृत्यगृह बंद झालें. तेथील श्रेष्ठ नर्तक फ्रँकी मॅनिंग हे टपालखात्यांत नोकरी करूं लागले होते. १९८० नंतर अमेरिका, इंग्लंड व स्वीडन येथील तरुण जुन्या नर्तकांचा शोध घेऊं लागले, तेव्हां सत्तरी ओलांडलेले मॅनिंग शिकवावयास उभे राहिले. नव्वदी उलटल्यावरहि त्यांचें शिकविणें थांबलें नाहीं. २००९ सालीं ते निवर्तले. आज अनेक देशांत हें नृत्य नवशिक्यास बहुधा साप्ताहिक वर्गांतच प्रथम भेटतें.

वर्गाची रचना साधी असते. सारे वर्तुळाकार उभे राहतात; जोडींत एक नेणारा व दुसरा अनुसरणारा. आरंभीं जोडीदाराशिवाय पावलें घोटवितात. मूळच्या एका आवर्तनाची गणना ‘एक, दोन, तीन-आणि-चार, पांच, सहा, सात-आणि-आठ’ अशी असते. म्हणजे मात्रा आठ, परंतु पावलें दहा. जेथें ‘आणि’ येतो, तेथें दोन मात्रांत तीन पावलें बसवावयाचीं असतात. तीं सारख्या अंतरानें टाकलीं तर नृत्याची कवायत होते. या संगीतांत मात्रेचा पहिला भाग लांब व दुसरा आंखूड असतो. स्विंगचा झोका त्यांतच आहे. म्हणून चांगला शिक्षक आंकडे लवकर सोडून ठेकाच गुणगुणून दाखवितो.

नंतर जोड्या होतात, आणि थोड्या थोड्या वेळानें जोडीदार बदलण्याची सूचना येते. नवशिक्यास ती जाचक वाटते. ज्याच्याशीं नुकतें जुळलें त्यास सोडून परक्याचा हात धरावयाचा! परंतु वर्गाचें मर्म यांतच आहे. सदैव बरोबर शिकणारे दोघे एकमेकांच्या चुका पाठ करतात. नेणारा खूण अर्धवट करतो. दुसऱ्यास पुढचें पाऊल ठाऊक असल्यामुळें तें पडतें. आणि उभयतांस वाटतें कीं विद्या आली. जोडीदार बदलतांच हा भ्रम फिटतो. नेणें म्हणजे ओढणें नव्हे. स्वतःचा तोल हलवून दिशा सुचविणें होय. अनुसरणें म्हणजे अटकळ बांधून आधींच धांवणें नव्हे. सूचना येईपर्यंत धीर धरून तिला आपल्या ढंगानें उत्तर देणें होय. उंच, ठेंगणा, भित्रा, धीट, अशा प्रत्येकाशीं हा संवाद नव्यानें करावा लागतो. म्हणून जोडीदाराच्या चुका काढूं नयेत, तें काम शिक्षकाचें, असा शिष्टाचार आहे. जो ओशाळतो, तो पुढच्या आठवड्यास येत नाहीं.

सात दिवसांच्या अंतरांत बरेंच विसरतें. पण घरीं रोज थोडा वेळ ठेका ऐकून पाय हलविणाऱ्यास तेंच अंतर उपकारक होतें. शिवाय वर्गाबाहेर, जेथें कोणी आंकडे मोजीत नाहीं अशा नृत्यसभेंत उतरलें पाहिजे. नाहींतर व्याकरण पढूनहि मनुष्य मुकाच राहावयाचा.

सॅव्हॉयची वास्तु आज उभी नाहीं. तिच्यांतील विद्या मात्र एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली म्हणून उरली. ज्यांस समाजानें पुष्कळ दारें बंद केलीं होतीं, त्यांनीं ती निर्माण केली, याची आठवण प्रत्येक वर्गानें ठेवणें उचित होय.