व्हिव्हियन थॉमस: पदवी नसलेले हृदयशस्त्रक्रियेचे गुरू
29 नोव्हेंबर 1944. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक दीड वर्षाचीही नसलेल्या मुलीवर शस्त्रक्रिया करत होते. जन्मजात हृदयदोषामुळे तिच्या रक्तात प्राणवायू कमी, म्हणून अंग निळसर. ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून एक कृष्णवर्णीय तंत्रज्ञ त्यांना टाके कसे घालायचे ते सांगत होते: व्हिव्हियन थॉमस.

या शस्त्रक्रियेत हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची, हे तंत्र थॉमस यांनीच कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून घोटून बसवलं होतं. पण त्यांची वाट सोपी नव्हती: वैद्यकीय शिक्षणासाठी साठवलेले पैसे महामंदीत बँकेसोबत बुडालेले. आधीच्या नोकरीत, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तर संशोधन करूनही नोंद सफाई कामगार म्हणून!

शस्त्रक्रियेला नाव मिळालं ब्लॅलॉक आणि हॉपकिन्सच्याच बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांचं. हा उघड अन्याय होता.

थॉमस यांनी पुढे कित्येक शल्यविशारद घडवले. 1976 मध्ये हॉपकिन्सनं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.