किल्ला, देऊळ, वाईन सगळं घोटीजवळ आहे. मग मोहाची दारू 'वारसा' का नाही?

आयर्लंडला जाऊन आलेल्यांच्या रील्समध्ये एक सहल हमखास दिसते. सकाळी बेलफास्टहून बस निघते. समुद्राच्या कड्यावरचा डनलूसचा पडका किल्ला, मग जायंट्स कॉजवेचे काळे दगडी खांब आणि शेवटी बुशमिल्सच्या डिस्टिलरीत व्हिस्कीचा घोट. एका दिवसात इतिहासही झाला आणि 'चिअर्स'ही.

आता मॅप घोटीवर आणा. मुंबई-आग्रा महामार्गावरचं, भाताच्या गिरण्यांसाठी ओळखलं जाणारं इगतपुरी तालुक्यातलं हे गाव. जायंट्स कॉजवेचे सुमारे ४०,००० खांब ज्या बेसाल्ट दगडाचे आहेत, तोच दगड इथे कळसूबाईपासून त्रिंगलवाडीपर्यंत उभा आहे. तिथला लाव्हा साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला त्याहून थोडा जुना.

वारशाचीही कमी नाही. इगतपुरीजवळ त्रिंगलवाडी किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याला कोरीव जैन लेणं. भंडारदऱ्याच्या बाजूला गेलात तर रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. उलट दिशेला सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर. (दोन्ही दिशा एकाच दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका, अर्धा दिवस गाडीतच जाईल.) घोट घ्यायचा असेल तर मुकणे धरणाच्या बाजूला सांजेगाव शिवारात वायनरीही आहे.

व्हिस्कीचं आयरिश कनेक्शनसुद्धा याच जिल्ह्यात सापडतं. जेमसन ही आयरिश व्हिस्की पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडे १९८८ पासून आहे. त्याच कंपनीने २०२२ मध्ये 'लॉन्जिट्यूड ७७' ही भारतीय सिंगल माल्ट आणली, ती दिंडोरीत बनते.

म्हणजे द्राक्षाची वाईन झाली, बार्लीची व्हिस्की झाली. पण या डोंगरांतली स्वतःची दारू कुठली? मोहाची. आणि ती कुठल्याच टूर पॅकेजमध्ये नाही.

मोहाची फुलं साधारण मार्च-एप्रिलमध्ये गळतात, तीही रात्री आणि पहाटे. म्हणून आदिवासी बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात. फुलांमध्ये साखर भरपूर. ती वाळवतात, भाजीत, भाकरीत, लाडवात वापरतात. दारूसाठी वाळलेली फुलं पाण्यात काही दिवस भिजवून आंबवली जातात. मग मडक्यात उकळून त्याची वाफ थंड करायची, की थेंब थेंब दारू जमते. बुशमिल्समध्ये तांब्याच्या मोठाल्या भांड्यांत तत्त्व हेच. फरक एवढाच की तिथे तीनदा ऊर्ध्वपातन होतं आणि आयरिश व्हिस्की म्हणायचं तर दारू किमान ३ वर्षं लाकडी पिंपात मुरावी लागते.

मग एक वारसा आणि दुसरी गुन्हा, असं कसं झालं?

उत्तर चवीत नाही, करात आहे. इंग्रजांनी १८७८ मध्ये मुंबई अबकारी कायदा आणला. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू ठरावीक मोठ्या डिस्टिलऱ्यांतून आली, की कर वसूल करणं सोपं. पण फुलं जंगलात फुकट पडलेली असताना लोक ऐकणार कसे? म्हणून १८९२ मध्ये थेट मोहफुलांवरच कायदा आला. कसारा घाट उतरल्यावर लागणाऱ्या ठाणे जिल्ह्यात आणि कुलाब्यात फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि परवान्याशिवाय दारू गाळणं आजही गुन्हाच आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं आणि साठवणं यावरची बंधनं सैल केली. फुलं सुटली, दारू नाही.

गंमत म्हणजे आयर्लंडमध्येही हेच घडलं होतं. तिथली घरगुती गावठी म्हणजे 'पोचीन'. १६६१ मध्ये दारूवर कर लागला, पुढे विनापरवाना भट्ट्या बेकायदा ठरल्या आणि पोचीन दऱ्याखोऱ्यांत लपून बनू लागली. १९९७ मध्ये मात्र परवाना घेऊन ती देशात विकायला परवानगी मिळाली. आज ती दुकानात लेबल लावून मिळते.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, २०१६ मध्ये तिला 'हेरिटेज ड्रिंक'चा दर्जा मिळाला. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूसाठी 'हेरिटेज लिकर' धोरण आणलं, आणि अलीराजपूरमध्ये आदिवासी बचत गट ती बाटलीत भरू लागले.

मग महाराष्ट्राने थांबायचं कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे दुसरी बाजू जड आहे. दारूने घरं मोडलेली पाहिलेल्या बायकांनीच गावोगाव 'आडवी बाटली' करून दुकानं बंद पाडली आहेत. त्यांना 'वारसा' हा शब्द ऐकवणं सोपं नाही. शिवाय 'गावठी' म्हणून जे विकलं जातं, त्यात मोह असतोच असं नाही. नवसागर-गुळाच्या भट्ट्या वेगळ्या, आणि २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरहून जास्त माणसं दगावली ती मिथेनॉलने.

यात एक दुवा कायद्यातच आहे. इगतपुरी तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू होतो, आणि दारूबंदी करायची की तिचं नियमन करायचं, याबाबत ग्रामसभेला अधिकार देण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे मोहाचं काय करायचं, यात मुंबईतल्या टूर कंपनीच्या आधी त्या पाड्यावरच्या माणसांचं म्हणणं यायला हवं. त्यात बायका आल्याच.

तोवर सहलीला निघालात तर कामाच्या गोष्टी: महाराष्ट्रात वाईन-बिअरसाठी वय २१ लागतं, व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी २५. प्यायला परवाना लागतो, देशीचा एक दिवसाचा २ रुपयांत आणि विदेशीचा ५ रुपयांत मिळतो. पाड्यावर कुणी अनोळखी बाटली पुढे केली तर नको म्हणा. आणि वायनरीतून परतताना स्टिअरिंगवर न प्यायलेला माणूस बसवा. पहिल्यांदा सापडलात तरी दंड १०,००० रुपयांपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, आणि मुंबईकडे जाताना पुढे कसारा घाट आहेच.