लेकीचा प्रबंध आणि इंग्रजीची धास्ती

आपल्या गटांतल्या घरांमधल्या मुली आता अमरावतीच्या विद्यापीठात, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एम. ए., एम. एस्सी.पर्यंत पोचल्या आहेत. पण गावच्या शाळेत मराठीतून शिकलेली लेक शेवटच्या वर्षी एका ठिकाणी अडते. प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो. कोणी घाबरून शिक्षण अर्धवट टाकते, कोणी पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेते. म्हणून हे काम नेमकं काय असतं, ते आज समजून घेऊ.

प्रबंध म्हणजे गटाच्या नोंदवहीचा थोरला भाऊ समजा. वहीत आपण किती जमा झाले, कर्ज कोणाला दिलं, कधी फिटलं, हे लिहितो. प्रबंधात पाच गोष्टी सांगायच्या असतात: प्रश्न कोणता, आधी कोणी काय शोधलं, आपण काम कसं केलं, काय आढळलं आणि त्याचा अर्थ काय. वहीत जसा अलंकार चालत नाही, तसा इथेही चालत नाही. जड शब्द म्हणजे चांगली इंग्रजी, हा गैरसमज आहे.

आपण म्हणतो, "औंदा तूर लई जोरात आली." प्रबंधात "जोरात" चालत नाही. झाडाची सरासरी उंची किती, एका झाडाला शेंगा किती, हेक्टरी उत्पन्न किती, ते लिहावं लागतं. "पाण्यामुळेच पीक वाढलं" असं ठासून म्हणायला पुरावा हवा. पुरावा कमी असेल तर "पाण्यामुळे वाढलं असावं" म्हणायचं. इंग्रजीत त्यासाठी 'मे' हा छोटा शब्द आहे. तो योग्य जागी वापरता आला की अर्धी लढाई जिंकली.

वाक्याची ठेवणही वेगळी. "आम्ही कापूस वेचला" यात क्रियापद शेवटी येतं. इंग्रजीत ते मधे येतं: "वुई पिक्ड कॉटन." म्हणून मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून उलथवलं की गडबड होते. वाक्य आखूड ठेवावं, एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी.

आता उतरवून घेण्याबद्दल. दुसऱ्याचं म्हणणं घ्यायला हरकत नाही, पण ते आपल्या शब्दांत मांडायचं आणि त्याचं नाव व वर्ष द्यायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. विकत घेतलेला प्रबंध असा लेकीच्या दोन वर्षांवर पाणी फिरवू शकतो.

हे आपल्याला जमणार नाही, असं समजू नका. आनंदीबाई जोशी लग्नानंतर इंग्रजी शिकल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आपल्याकडचं प्रसूतिशास्त्र. म्हणजे विषय घरचा, भाषा परकी. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला गेले, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले आणि १९३२ मध्ये त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

मग लेकीनं काय करावं? आपल्या विषयाचे दोन-तीन जुने प्रबंध वाचावेत. कृषीचे 'कृषिकोश'वर, पीएच. डी.चे 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. त्यांतली वाक्यं कशी बांधली आहेत ते पाहावं. रोज अर्धी पानभर मजकूर स्वतः लिहावा. सगळं शेवटच्या महिन्यावर न ठेवता एकेक प्रकरण गाईडला दाखवावं. लाल शाईच्या खुणा आल्या तर रडू नये, त्या वहीत उतरवून ठेवाव्यात. तीच चूक पुन्हा होत नाही.

आणि आपण आयांनी? रात्री जेवणं झाली की तिला विचारा, "बाई, तू काय शोधलंस, मला सांग." आपल्या वऱ्हाडीत पाच मिनिटांत आईला समजेल असं सांगता आलं, की तिला स्वतःलाही ते नीट उमगलेलं असतं. उमगलेलं इंग्रजीत लिहिणं सोपं जातं. तूर-सोयाबीनच्या घाईतही तिला रोज एक तास मोकळा द्या. येत्या मासिक बैठकीत विचारा, कोणाची मुलगी प्रबंधाला बसली आहे. अशा दोघी-तिघी एकत्र बसल्या, एकमेकींचं लिखाण वाचू लागल्या, तर इंग्रजीची धास्ती निम्मी होईल.