कारखाना, पेढी आणि रंगमंच

व्यापारी आणि कलावंत यांची भागी म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रंगमंचाच्या पडद्यावर रंगविलेले दुकानाचे नाव उभे राहते. ती भागी नव्हे, ती जाहिरात. आश्रय, जाहिरात आणि भागी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की नुकसान बहुधा कलावंताचे होते. सांगली, मिरज व कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. साताऱ्याभोवतीही कारखाने वाढले. अशा वाढत्या शहरांत हा भेद नीट समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम आश्रय घेऊ. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला, तो चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि तो आधार तुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन बाहेरगावची वाट धरली, आणि १८५३ साली मुंबईस तिकीट लावून खेळ केले. आश्रय हा देणाऱ्याच्या मर्जीइतका आणि आयुष्याइतकाच टिकतो. मराठी नाटक पुढे जगले, ते तिकिटाला पैसे मोजणाऱ्या सामान्य माणसाच्या बळावर.

भागीचा नमुना पाहायचा तर किर्लोस्करवाडीकडे वळावे. औंध संस्थानच्या माळावर १९१० साली लक्ष्मणरावांनी कारखाना काढला. १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. आरंभी ते कारखान्याच्या मालाची वार्ता देणारे पत्रक होते; शंकररावांच्या हाती त्याचे मासिक झाले, आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ अशी भावंडे त्याला लाभली. कारखान्याला नांगर शेतकऱ्यापर्यंत न्यायचा होता, लेखकाला लेख वाचकापर्यंत न्यायचा होता. एकाच छापखान्याने दोघांचे काम केले. वर्गणीदार मिळाले, म्हणून मासिक नुसत्या देणगीवर अवलंबून राहिले नाही.

तिसरा धडा कामगारांचा आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईस गिरणीत राबले, आणि १९४४ साली अमर शेखांसह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यामागे भांडवल कोणाचे? ऐकणाऱ्या कामगारांचे. पुढे १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी निर्माण झाला. त्यात मालक, कामगार व सरकार यांची वर्गणी तर असतेच. शिवाय कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि कोणी न उचललेले पगारही त्यातच जमा होतात. याच निधीवर चालणारे मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरविते. म्हणजे त्या रंगमंचात कामगाराचा स्वतःचा पैसा आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

आता नव्या कायद्याविषयी. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि त्या कार्यांच्या यादीत कला व संस्कृती आहे. परंतु केवळ आपल्याच नोकरांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्वही धरले जात नाही. ज्या संस्थेमार्फत पैसा खर्चावयाचा तिची रीतसर नोंदणी लागते. तमाशाचा फड बहुधा एका मालकाचा असतो; त्याला हे दार बंदच. आणि कुपवाडच्या लहान फाउंड्रीवाल्याचा नफा कायद्याच्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही. त्याच्यावर सक्ती नाही.

मग उपाय काय? कलावंतांनी संस्था नोंदवावी, हिशेब दरसाल तपासून घ्यावा. लहान कारखानदारांनी एकेकट्याने देणगी देण्याऐवजी दहा जणांनी मिळून वर्षाचा करार करावा. कारखान्याजवळ पैशाखेरीजही पुष्कळ असते: तालमीला रिकामी शेड, सामान न्यायला ट्रक, नेपथ्याला सुतार आणि वेल्डर. पाळीत काम करणाऱ्या नटाला तालमीच्या वेळी पाळी बदलून दिली, तर ती मदत रोख रकमेहून मोलाची ठरते.

करारात चार गोष्टी लेखी असाव्यात. रक्कम किती व कोणत्या तारखेला मिळणार. नाटकाची निवड मंडळीची राहणार. कारखान्याचे नाव कोठे आणि केवढे झळकणार. आणि पडदा ओढणारा, दिवे लावणारा, सामान वाहणारा यांची मजुरी प्रथम चुकती होणार. या चौथ्या कलमावर आम्ही अडून बसतो. नटाला निदान टाळी मिळते. पडद्यामागच्या माणसाला मजुरीखेरीज काहीच मिळत नाही.

देणाऱ्याने हात आखडला तरी मंडळी उभी राहिली पाहिजे, आणि मंडळीने न रुचणारे नाटक केले तरी देणाऱ्याने शब्द पाळला पाहिजे. जेथे एवढे घडते, तेथेच खरी भागी आहे.