नगरच्या मिशनची परिचर्या-दीक्षा

इ. स. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, आपले ठाणे घातले आणि १८३९ मध्ये सिंथिया फॅरर ही शिक्षिका मुंबईहून येऊन येथील मुलींच्या शाळांचा कारभार पाहू लागली. अध्यापनाचे धडे सावित्रीबाई फुले यांनी याच फॅररबाईंकडे घेतले, आणि १८९७ च्या प्लेगात एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविल्यानंतर त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. नगरच्या परिचारिकांविषयी लिहावयास बसले की मला प्रथम त्या पाठीची आठवण होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मिशनने येथे खास स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय उभारले. कारण परपुरुषाच्या हाती नाडी देण्यापेक्षा बाईने माजघरातच प्राण सोडावा, असे मानणारी घरे त्या काळी थोडीथोडकी नव्हती. डॉ. ज्युलिया बिसेल व डॉ. रूथ ह्यूम या स्त्री-डॉक्टरांनी ते नावारूपास आणले. पुढे ते मुक्तिफौजेच्या ताब्यात गेले आणि १९३४ मध्ये त्या फौजेच्या पहिल्या स्त्री-जनरल झालेल्या इव्हँजेलिन बूथ यांचे नाव त्यास मिळाले. पाथर्डी-शेवगावकडून रोगी घेऊन आलेला माणूस मात्र रिक्षावाल्यास ‘बूथला चला’ एवढेच सांगतो.

या रुग्णालयाशी निगडित असलेल्या परिचर्या-शिक्षणाचे मोल समजण्यास आपल्या समाजाची जुनी रीत ध्यानी घ्यावी लागते. बाळंतपण हा विटाळ, म्हणून नाळ कापणारी सुईण ही बहुधा हलकी मानलेल्या जातीची. मलमूत्र काढणे हे तर त्याहून हीन काम. अशा समाजात सुशिक्षित मुलीने परक्याचे अंग पुसावे आणि त्यात कमीपणा मानू नये, ही अपेक्षा केवढी धाडसाची होती! आरंभी या पेशात आलेल्या मुलींत गरीब ख्रिस्ती घरांतल्या मुली व निराधार विधवा पुष्कळ असत, आणि त्यांना सोसाव्या लागलेल्या कुजबुजीचा हिशेब कोणत्याच दफ्तरात मांडलेला नाही.

नव्या विद्यार्थिनीस आधी साध्याच गोष्टी शिकाव्या लागतात: रोगी अंथरुणावर असतानाच चादर कशी बदलावी, अंग पुसताना जेवढा अवयव पुसावयाचा तेवढाच उघडा ठेवून बाकीचे शरीर कसे झाकावे, अंथरुणास खिळलेल्या माणसास दर दोन तासांनी कूस बदलून देऊन टाचा, माकडहाड व खवाटे यांवरची कातडी लाल तर झाली नाही ना, हे कसे पाहावे. यांतले झाकण्याचे शिक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. शुद्धीवर नसलेल्या, नातलगांनीही सोडून दिलेल्या देहाची लाज राखावयाची ती कोणी पाहत नसतानाही राखावयाची असते, आणि अखेरच्या भोजनाच्या रात्री कमरेस रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूची जी कथा या मुलींना ऐकविली जाते, तिचा अर्थ प्रार्थनेच्या तासापेक्षा वॉर्डातच त्यांना अधिक उमगत असावा. धर्मप्रसार हाही मिशनचा उघड हेतू होता, तो झाकण्याचे कारण नाही. परंतु तापाने फणफणलेल्या रोग्याच्या उशाशी रात्रपाळीची सिस्टर बसते, ती त्याचा धर्म विचारून बसत नाही.

याच जिल्ह्यात या विद्येने पुढे रुग्णालयाची भिंतही ओलांडली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले, आणि शिकलेली नर्स खेड्यात टिकत नाही असे ध्यानी येताच त्यांनी गावच्याच बायका, पुष्कळशा निरक्षर व कित्येक दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वाताने जाणारी अर्भके कोऱ्या पात्याने व उकळलेल्या दोऱ्याने वाचू शकतात, हे त्या बायकांनी आपापल्या गावी नेले. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रशिक्षणास आलेल्या या बायका रात्री केंद्रातच मुक्काम करीत. आरंभी उच्च मानलेल्या जातीची बाई अंग चोरून दूर निजू पाही. तेव्हा सगळ्याजणींसाठी एकच मोठे पांघरूण करण्यात आले, आणि थंडीच्या दिवसांत त्याच्याखाली सरकण्यावाचून कोणासही दुसरा उपाय राहिला नाही.