एका हंगामाचे चार चषक
(लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात साखळीचा गुणतक्ता कसा वाचायचा ते आपण पाहिलं. त्यावर एका वाचकाने विचारलं, एकच संघ एका वर्षात चार-चार स्पर्धा खेळतो तरी कसा, आणि खरा विजेता मग कोणाला म्हणायचं? प्रश्न मोठा आहे. उत्तरासाठी आधी आपल्याच शेतावर जाऊ.

कर्जत-खालापुरात हंगाम म्हटलं की भात. पावसाळी भात कापलं की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल टाकतात. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटलेलं पाणी राजनाल्याने जिथवर पोचतं, तिथे उन्हाळी भातही उभं राहतं. जमीन एकच, पण प्रत्येक पिकाचं मागणं निराळं. भाताला पाणी हवं, वालाला नुसती ओल पुरते. आणि आधीच्या पिकाने जमिनीतून जे घेतलं, त्याचा हिशेब पुढच्या पिकाला द्यावा लागतो. व्यावसायिक क्लबचा हंगाम मला असाच दिसतो.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ, मुंबई सिटी एफसीचा २०२२-२३ चा हंगाम. ऑगस्ट ते एप्रिल, चार स्पर्धा, ३३ सामने.

सुरुवात ड्युरंड चषकाने झाली. १८८८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा आशियातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा मानली जाते. आधी गटसाखळी, मग बाद फेरी. मुंबईने उपांत्यपूर्व फेरीत चेन्नईयिनला जादा वेळेत ५-३ हरवलं, उपांत्य सामन्यात मोहम्मेडनवर बिपिन सिंगच्या अगदी शेवटच्या गोलने मात केली आणि १८ सप्टेंबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर अंतिम सामना बेंगळुरूकडून १-२ गमावला. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांचा संघ पाऊस आणि चिखलाच्या दिवसांत सात सामने खेळून तयार झाला होता. चषक हुकला, पण संघ बसला. अंतिम सामना हरलेल्या स्पर्धेला मी म्हणूनच वाया गेलेली म्हणत नाही.

पुढची स्पर्धा इंडियन सुपर लीग, आणि आजच्या लेखाचा गाभा इथेच आहे. त्या हंगामात या लीगमध्ये दोन बक्षिसं होती. अकरा संघ एकमेकांशी घरी आणि बाहेर खेळत, प्रत्येकाचे वीस सामने होत, आणि सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला लीग शील्ड मिळे. त्यानंतर पहिल्या सहांची बाद फेरी होऊन चषकाचा मानकरी ठरे. शील्ड सवयीची परीक्षा घेतं, चषक एका संध्याकाळची.

सवयीच्या परीक्षेत मुंबईने कमाल केली. पहिल्या अठरा सामन्यांत एकही पराभव नाही. त्यात सलग अकरा विजय. ११ फेब्रुवारी २०२३ ला गोव्याला ५-३ हरवून दोन सामने शिल्लक असतानाच शील्ड पक्कं झालं. एकूण ४६ गुण, ५४ गोल. लालियानझुआला छांगटे उजव्या बाजूने धावायला लागला की अंधेरीच्या मैदानातली माणसं आपोआप उभी राहत. सामना संपल्यावर शेवटच्या खोपोली लोकलची धास्ती घेऊन मीही त्या गर्दीतून धावलो आहे. खिडकीतून नेरळ, भिवपुरी मागे जाताना त्या धावा पुन्हा दिसत राहायच्या.

शील्ड हाती आल्यानंतरचे दोन्ही सामने मात्र संघ हरला. पहिल्या दोन क्रमांकांना थेट उपांत्य फेरी मिळे, त्यामुळे १९ फेब्रुवारीनंतर थेट ७ मार्चपर्यंत मुंबईचा एकही सामना नव्हता. समोरचा बेंगळुरू संघ चारच दिवसांपूर्वी बाद फेरीचा सामना खेळून आलेला. विश्रांती हे अव्वल येण्याचं बक्षीस, पण माझ्या मते त्याच विश्रांतीने मुंबईची लय मोडली. उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, घरच्या मैदानावर, सुनील छेत्रीच्या गोलने ०-१. पाच दिवसांनी बेंगळुरूत २-१ असा विजय, एकूण २-२ बरोबरी, आणि मग पेनल्टी. नवव्या फेरीत मुंबईच्या मेहताब सिंगचा फटका बेंगळुरूच्या गुरप्रीत सिंग संधूने अडवला, संदेश झिंगनने आपला फटका जाळ्यात मारला, बेंगळुरू ९-८. चार महिन्यांहून जास्त काळ पहिला राहिलेला किंवा पहिल्या जागेसाठी झगडलेला संघ एका फटक्याने बाहेर पडला.

हे अन्यायाचं आहे का? मला तसं वाटत नाही. इंग्लंडमधल्या रग्बी लीगमध्येही हीच दुहेरी रचना आहे, साखळीचं शील्ड वेगळं आणि शेवटची ग्रँड फायनल वेगळी. तिथे विगन वॉरियर्सने २०२४ मध्ये सगळंच जिंकून दाखवलं. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पेनरिथला १६-१२ हरवून जागतिक क्लब चॅलेंज, जूनमध्ये वेम्ब्लीवर चॅलेंज कप, मग साखळीचं शील्ड, आणि १२ ऑक्टोबरला ओल्ड ट्रॅफर्डवर हल किंग्स्टन रोव्हर्सला ९-२ हरवून ग्रँड फायनल. अंगाला अंग भिडणारा तेरा जणांचा खेळ, दर आठवड्याला नवी दुखापत, आणि तरी चारही हातात. असं क्वचित घडतं, म्हणूनच त्याला मोल आहे.

मुंबईचा हंगाम अजून संपला नव्हता. आशियाई महासंघाने आपलं वेळापत्रक बदलल्यामुळे भारताच्या दोन हंगामांचे शील्डविजेते एकाच जागेसाठी समोरासमोर आले. ४ एप्रिलला केरळमधल्या मंजेरीत मुंबईने जमशेदपूरला ३-१ हरवलं आणि आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा मिळवली. पेनल्टीवर हरल्यानंतर तेवीस दिवसांत संघाने स्वतःला असं उभं केलं. अख्ख्या हंगामातला माझा सर्वांत आवडता सामना हाच. त्यानंतरच्या सुपर कपमध्ये संघ गटातच बाहेर पडला. पाय थकले होते, आणि मनातलं मोठं काम आधीच झालं होतं.

आशियाई सामन्यांसाठी मैदानाचे निकष वेगळे असतात. त्यामुळे १८ सप्टेंबर २०२३ ला इराणच्या नस्साजी संघाविरुद्धचा मुंबईचा ‘घरचा’ सामना पुण्याच्या बालेवाडीत झाला. अंधेरीहून तिथे जाणारा द्रुतगती मार्ग आमच्या खालापूर टोलनाक्यावरूनच घाट चढतो. पुढच्या आठवड्यात त्या रस्त्याने बालेवाडीला जाऊ, आणि सौदी अरेबियाच्या अल-हिलालसारख्या संघासमोर शील्डविजेत्याचं काय झालं ते पाहू.