यकृतातली गाठ, पण कुठली?

सोनोग्राफीच्या कागदावर 'यकृतात गाठ' एवढेच लिहिलेले असते आणि घरात 'लिव्हरचा कॅन्सर' जाहीर होऊन जातो.  धार जिल्ह्यातल्या निसरपूरच्या रुग्णाला मोठ्या तपासणीसाठी इंदूर गाठावे लागते, तिथे भागले नाही तर मुंबईत परळचे टाटा रुग्णालय. फाईल जाड होत जाते, पण खरा प्रश्न कधीकधी परळलाच विचारला जातो: ही गाठ यकृतातल्या पित्तनलिकेत उगवली, की मोठ्या आतड्यातून तिथे पोचली?

आतड्यातले रक्त पोर्टल शिरेने थेट यकृतात येते, त्यामुळे सुटलेल्या पेशींचा पहिला मुक्काम बहुधा तिथेच पडतो. त्यात दोन्ही कर्करोग ग्रंथीसारख्या पेशींचे, म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमाच. रिपोर्टात तेवढाच एक शब्द असेल तर तो खरा असूनही निरुपयोगी आहे, असे मी म्हणेन. पित्तनलिकेच्या पसरलेल्या कर्करोगावर २०१० पासून जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी रूढ झाली. आतड्याच्या रोगाची औषधे निराळी, शिवाय यकृतातल्या मोजक्या गाठी कापून काढल्यावर काही रुग्ण बरी वर्षे जगतात.

रक्ताच्या चाचण्यांवर फार विसंबू नये. सीईए आणि सीए १९-९ दोन्ही रोगांत वाढतात, दुसरी तर नुसत्या काविळीनेही. सीटी स्कॅनमध्ये गाठीवरचे यकृताचे आवरण आत ओढलेले आणि पलीकडच्या नलिका फुगलेल्या दिसल्या, तर संशय पित्तनलिकेकडे झुकतो. पण आतड्यातून आलेली गाठही कधी नलिकेत शिरून वाढते आणि हुबेहूब तेच चित्र उभे करते. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठे आतडे दुर्बिणीने बघणे, ही साधी तपासणी. तीच कित्येकदा 'नंतर बघू'वर राहते.

उरलेला निवाडा प्रयोगशाळेचा. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. वसंत रामजी खानोलकर तिथल्या प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख. धोतराच्या काचण्याने कमरेला होणाऱ्या कर्करोगावर त्यांनी लिहिले. रोगाचे मूळ शोधण्याची सवय तिथली जुनीच. योगायोग असा, की त्याच १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दाखवला. प्रतिपिंडांनी ऊतीतली प्रथिने रंगवून ओळखणारी आजची 'आयएचसी' (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) त्याच कल्पनेची नात.

पेशींतली केराटिन प्रथिने तिच्यात रंगवतात. सीके ७ उमटले आणि सीके २० कोरे राहिले, तर कल पित्तनलिकेकडे. उलट झाले आणि जोडीला सीडीएक्स २ व एसएटीबी २ ही प्रथिने उमटली, तर आतड्याकडे. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याच्या गाठीच्या पोकळ्यांत मेलेल्या पेशींचा गाळ साचलेला असतो, पित्तनलिकेच्या गाठीभोवती घट्ट तंतूंचे जाळे. पण इथेही फसगत होते. उजव्या बाजूच्या आतड्याचे काही कर्करोग सीके २० गमावतात, आणि पित्तनलिकेचे काही आतड्याचा रंग घेतात. म्हणून एकाच रंगावर निकाल देणारा रिपोर्ट मला धाडसी वाटतो.

आतड्याचे ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झाले असेल, तर त्या वेळी काढलेल्या ऊतीचा मेणातला जुना ब्लॉक मागवून घ्यावा. मेणात ऊती वर्षानुवर्षे टिकते. जुनी आणि नवी स्लाईड शेजारी ठेवून बघितली, की पुष्कळदा रंगांचीही गरज उरत नाही. स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट घेऊन परळला पोचलेल्या नातेवाइकाला म्हणूनच पहिल्यांदा विचारतात: ब्लॉक आणलेत का?